अठ्ठेचाळीस तास की पुढचा बाजार?

तर झालं असं. आप्पांच्या कानाच्या मशीनचे सेल संपले.

आप्पा मोलगीला शिक्षक होते आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याच्या आत. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर जायचं. कानाच्या मशीनचे ते बटणाएवढे सेल आठ-दहा दिवसांत संपतात आणि अक्कलकुव्याच्या मेडिकलवाल्याकडे ते असतीलच याची खात्री नाही. मी हिंजवडीत बसून दोन मिनिटांत ऑर्डर टाकली. चार दिवसांत पार्सल अक्कलकुव्याला पोचलंसुद्धा! म्हटलं, वा.

मग ट्रॅकिंगवर पहिल्या दिवशी 'ग्राहक फोन उचलत नाही' असं आलं. दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी पार्सल उलट्या पावली परत.

आता ग्राहक फोन का उचलत नव्हता? कारण फोन ऐकू येण्यासाठी लागणारे सेल त्या पार्सलमध्ये होते!

आधी मी खूप चिडलो. कस्टमर केअरशी भांडून झालं. (कंपनी कुठली हे सांगत नाही, कुठलीही असती तरी हेच झालं असतं.) राग ओसरल्यावर वाटलं, त्या डिलिव्हरीवाल्या पोराची तरी काय चूक? एका पाकिटासाठी घाट चढून यायचं, पेट्रोल जाळायचं, आणि माणूस भेटेल की नाही ते माहीत नाही. म्हणून तो आधी फोन करतो. फोन लागला नाही तर येत नाही. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

ऑफिसात हे सांगितल्यावर एक मित्र म्हणाला, "तिकडे ते लॉकर बसवायला पाहिजेत रे, पोलंडसारखे." तो आमच्या क्लायंटकडे वर्षभर पोलंडला राहून आलाय आणि त्या लॉकरचं त्याला भारी कौतुक. मी शनिवार-रविवार त्या लॉकरचा इतिहास वाचत बसलो, आणि वाचता वाचता मोलगीबद्दलच विचार करायला लागलो. दोन्हींचा संबंध काय, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. :-)

गोष्ट सुरू होते १९९९ साली, क्राकोव शहरात. राफाऊ ब्झोस्का नावाचा अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी होता. त्याने 'इंटेजर' नावाची कंपनी काढली आणि धंदा काय, तर घरोघर जाहिरातीची पत्रकं टाकणं. आपल्याकडे पेपरात घालून येतात तसली. बिनडोक वाटणारं काम. पण ते करताना एक गोष्ट आपोआप जमा होत गेली, ती म्हणजे कुठल्या इमारतीत किती दारं आहेत आणि एका माणसाला दिवसात किती जिने चढून होतात याचा हिशोब. लॉजिस्टिक्सच्या धंद्याचा पाया हाच.

मग त्याला वाटलं, पत्रकं टाकतोच आहोत तर पत्रंही टाकू. २००६ साली 'इनपोस्ट' सुरू झाली. पण पोलंडमध्ये ५० ग्रॅमपर्यंतच्या पत्रांवर सरकारी टपालाची मक्तेदारी होती, आणि बहुतेक साधी पत्रं त्याच वजनात बसतात. मग यांनी काय करावं? प्रत्येक पाकिटाला धातूची छोटी पट्टी लावायला सुरुवात केली! वजन ५० ग्रॅमच्या वर गेलं की कायद्याच्या कचाट्यातून सुटका. हसू येतं, पण विचार करा, लाखो पत्रांबरोबर निव्वळ कायद्यासाठी लोखंड वाहून नेलं जात होतं. ही मक्तेदारी २०१३ च्या सुरुवातीला संपली आणि पट्ट्याही संपल्या.

दरम्यान २००९ साली कंपनीने क्राकोवमध्ये पहिलं पार्सल-लॉकर उभं केलं. पोलिश भाषेत त्याला 'पाच्कोमात' म्हणतात. 'पाच्का' म्हणजे पार्सल आणि 'मात' हे ऑटोमॅटचं शेपूट. कल्पना त्यांची नव्हती. जर्मन टपालाने २००१ मध्येच डॉर्टमुंड आणि माइन्झला असली यंत्रं लावून बघितली होती. पण जर्मनीत हा टपालाचा एक जोडप्रकार राहिला आणि पोलंडमध्ये त्यावर अख्खी कंपनी उभी राहिली.

यंत्र साधं आहे. रस्त्याकडेला कप्प्यांची भिंत. कप्पे तीन मापांचे, उंची ८, १९ आणि ४१ सेंटिमीटर, रुंदी आणि खोली सगळ्यांची सारखी. डिलिव्हरीवाला पार्सल स्कॅन करतो, एक कप्पा उघडतो, तो पार्सल ठेवून पुढच्याला लागतो. तुम्हाला मोबाइलवर कोड येतो. रात्री दोन वाजता जा, कोड टाका, दार उघडतं. सही, फोन, "मॅडम, घरी आहात का?" यातलं काही नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले याला एका शब्दात ओळखतो, 'क्यू'. देणारा आणि घेणारा एकाच वेळी हजर असायची गरज काढून टाकली. घरपोच डिलिव्हरीत दोन माणसं एकाच क्षणी एकाच दारात लागतात. एक जण नसला की सगळी फेरी वाया, उद्या पुन्हा. लॉकरमध्ये पहिली फेरीच शेवटची. एक गाडी एका ठिकाणी थांबून पन्नास पार्सलं एकदम उतरवते, त्यामुळे एका माणसाच्या हातून दिवसाला घरोघर हिंडण्याच्या कित्येक पट पार्सलं जातात. खर्च तिथे वाचतो.

पण क्यू म्हटली की टाइमआउट आलाच. पाच्कोमातमध्ये पार्सल साधारण ४८ तास राहतं. तेवढ्यात नेलं नाहीत तर कप्पा दुसऱ्याला. हा आकडा अंगठ्याचा नाही बरं का! कप्पा जितक्या लवकर रिकामा होईल तितकी पार्सलं त्यातून दर आठवड्याला जाणार. सगळा नफा त्या टाइमआउटमध्ये आहे. आणि पोलंडमध्ये ४८ तास पुरतात, कारण लॉकर जिथे माणूस तसाही जातो तिथे लावलेत, म्हणजे किराणा दुकानापाशी, पेट्रोल पंपावर, सोव्हिएत काळातल्या त्या लांबलचक इमारतींच्या वाटेवर. शहरातल्या बहुतेकांना चालत जाता येईल इतक्या जवळ.

कंपनीची वाढ मात्र सरळ रेषेत झाली नाही. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं पोलंडमधल्या न्यायालयांची पत्रं पोचवायचं कंत्राट सरकारी टपालाकडून या मंडळींच्या गटाकडे गेलं. घरी कोणी नसलं तर कोर्टाचं पत्र टपाल कार्यालयाऐवजी पेपरच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात जाऊन घ्यायचं! लोक भडकले. कोर्टाच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत असते, आणि तुमचा घटस्फोटाचा कागद कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हातात. पार्सलाला जी ढिलाई चालते ती अशा पत्राला चालत नाही. पुढचं कंत्राट सरकारी टपालाने परत मिळवलं आणि इनपोस्टचा पत्रांचा धंदा कोसळला. २०१६ मध्ये त्यांनी पत्रं बंदच केली. २०१७ साली 'ॲडव्हेंट' या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने सगळं विकत घेतलं, शेअर वॉर्साच्या बाजारातून काढून घेतले आणि फक्त एका गोष्टीवर पैसा लावला, लॉकर.

त्यानंतर आला कोविड. माणसाला न भेटता पार्सल मिळणं ही सोय होती, ती गरज झाली. २०२० संपेपर्यंत पोलंडमध्ये दहा हजारांवर लॉकर झाले होते. जानेवारी २०२१ मध्ये कंपनी ॲमस्टरडॅमच्या शेअर बाजारात आली तेव्हा किंमत ठरली सुमारे ८ अब्ज युरो. पत्रकं वाटणाऱ्या पोराची कंपनी! २०२४ साली सगळ्या देशांत मिळून त्यांच्या हातून एक अब्जाहून जास्त पार्सलं गेली.

आता माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा भाग. २०२१ मध्येच इनपोस्टने फ्रान्समधली 'मोंदियाल रेले' ही कंपनी ५६.५ कोटी युरोंना घेतली. ती कंपनी काय करत होती? तिच्याकडे मुख्यतः दुकानं होती. फुलवाला, पेपरवाला, लाँड्रीवाला. पार्सल त्यांच्याकडे ठेवायचं, गिऱ्हाईक येऊन नेणार, दुकानदाराला प्रत्येक पार्सलामागे थोडे पैसे मिळणार. म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या लॉकर कंपन्यांपैकी एकीने परदेशात पाय रोवायला दुकानदारांचं जाळं विकत घेतलं. लॉकर त्यांनी नंतर वाढवले. इथे मला पहिल्यांदा मोलगीचा शेठ आठवला, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी आपला इतिहास. पार्सलाच्या बाबतीत आपण मागासलेले वगैरे काही नव्हतो. दारात पैसे देऊन वस्तू घ्यायची पद्धत, म्हणजे व्ही.पी., भारतीय टपालाने १८७७ मध्ये सुरू केली. आजोबांच्या पिढीने पुस्तकं आणि औषधं व्ही.पी.ने मागवली. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली तेव्हा आपण केवढे चकित झालो, पण ती व्ही.पी.चीच पणती म्हणायची.

आणि पिनकोड तर एका मराठी माणसाचा. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांची सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली. एकाच नावाची गावं डझनाने, पत्त्यांच्या लिपी वेगवेगळ्या, यावर काढलेला तोडगा. पहिला आकडा विभागाचा, पहिल्या तिनांतून वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. आप्पांचा पत्ता ४२५ ने सुरू होतो, जळगावकडचे पत्तेही ४२५ नेच. जुन्या पश्चिम आणि पूर्व खानदेशाच्या खुणा अशा आकड्यात राहून गेल्या आहेत.

पण नीट बघा, पिनकोड पार्सलाला टपाल कार्यालयापर्यंत आणतो. दारापर्यंत आणतो तो पोस्टमन, आणि त्याला पत्ता लागत नाही, माणूस माहीत असतो. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत, त्यातली दहातली नऊ खेड्यांत. हे जाळं कुठल्याच खाजगी कंपनीकडे नाही.

खाजगी कंपन्या आल्या त्या शहरांकडून. ब्लू डार्ट १९८३ मध्ये मुंबईत निघाली, ऑफिसांची कागदपत्रं नेण्यासाठी. ऑनलाइन खरेदी सुरू झाल्यावर मात्र खरी धावपळ झाली. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या 'फर्स्टक्राय'ने स्वतःचा माल पोचवायला २०१२ मध्ये एक शाखा काढली, तीच २०१५ मध्ये 'एक्सप्रेसबीज' नावाने वेगळी झाली, आणि २०२२ च्या सुरुवातीला तिची किंमत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. सात वर्षांत!

लॉकरचे प्रयोगही झाले. बेंगळूरला २०१५ मध्ये 'क्विकपॉड' नावाची कंपनी निघाली. टपाल खात्यानेही २०२१ मध्ये कोलकात्यात डिजिटल लॉकर लावले. पण पोलंडसारखं काही फोफावलं नाही. का? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे रोख पैसे. दारात पैसे मोजणारा देश कप्प्याला पैसे कसे देणार? (यूपीआय आल्यावर हे कारण बरंच ढिलं झालं.) दुसरं मोठं. आपल्याकडे लॉकर आधीच होता, पगार कमी घेणारा. सोसायटीचा वॉचमन! माझी निम्मी पार्सलं त्याच्या टेबलाखाली असतात. शिवाय घरी आई, आजी, शेजारच्या काकू. पोलंडमध्ये लॉकरने ज्याची जागा घेतली तो 'घरी असलेला माणूस' आपल्याकडे अजून स्वस्तात मिळतो, आणि पुन्हा पुन्हा चक्कर मारणारा डिलिव्हरीवालाही स्वस्तात मिळतो. हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण खरं आहे.

आता मोलगी.

मित्र म्हणतो तसा उद्या मोलगीच्या चौकात लॉकर लावला, वीज आणि नेटवर्क टिकलं असंही धरू, तर चालेल का? मला वाटतं नाही. अडचण यंत्राची नाही, त्या ४८ तासांची आहे. मोलगी म्हणजे फक्त मोलगी नव्हे. आजूबाजूला डोंगरात पसरलेले पाडे आहेत, घरं एकमेकांना चिकटून नाहीत, ज्याचं त्याचं शेत आणि शेतात घर. ही माणसं रोज मोलगीला येत नाहीत. येतात आठवडी बाजाराला. भगर, आमचूर, मोहाची फुलं, चारोळी असं काय काय घेऊन उतरतात आणि मीठ, तेल, कपडे घेऊन परत चढतात. तिथलं घड्याळ सात दिवसांचं आहे. बाजार झाल्यावर दुसऱ्या दिवशी पार्सल आलं तर लॉकर ते दोन दिवसांनी परत पाठवणार, आणि पुढचा बाजार तोपर्यंत लांबच.

गंमत बघा, टपाल खात्यात न नेलेली वस्तू सात दिवस ठेवायची जुनी रीत आहे. हा नियम कोणी बाजाराकडे बघून केला की नाही, मला ठाऊक नाही. पण सात दिवसांत कुठलाही एक बाजार येतोच येतो! खाजगी कंपन्यांची 'तीन दिवसांत तीन प्रयत्न' ही पद्धत पुण्याच्या घड्याळावर बेतलेली आहे, आणि तेच घड्याळ आम्ही इंजिनिअर लोक सगळ्या देशाला लावतो. कोडमध्ये एका ठिकाणी '३' लिहिलेलं असतं. मीही असे आकडे लिहिले आहेत, ते कुठल्या गावात चालणार आहेत हा विचार न करता.

आणि मोलगीचा लॉकर? तो आधीपासून आहे. बाजारातला शेठ. आम्ही लहान असल्यापासून त्याच्या गल्ल्यामागच्या फळीवर पाड्यांवरच्या लोकांची पाकिटं असायची. आश्रमशाळेतल्या पोरांची, बँकेची, कोर्टाची. बाजाराच्या दिवशी शेठ हाक मारायचा, "ए दादा, तुझं काहीतरी आलंय बघ." घेणाऱ्याला वाचता येत नसेल तर आप्पा वाचून दाखवायचे. याला कोणी पैसे देत नव्हतं, पावती नव्हती. बहुतेक वेळा नीट चालायचं. पण एकदा एका पोराच्या शिष्यवृत्तीच्या खात्याचं एटीएम कार्ड फळीवर तीन आठवडे राहिलं, कारण त्याचे वडील ऊसतोडीला गेले होते. कोण जबाबदार? कोणीच नाही. पोलंडमधल्या त्या कोर्टाच्या पत्रांची गोष्ट वाचताना मला ते कार्ड आठवत होतं. दुकानदाराकडे ठेवणं ही सोय आहे, पण त्याची नोंद नसेल तर तो निव्वळ उपकार आहे, आणि उपकाराविरुद्ध तक्रार करता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉकर कंपनीच्या इतिहासातून घ्यायचं ते यंत्र नव्हे. घ्यायची ती त्यांची तडजोड. अर्धी वाट कंपनी येईल, अर्धी गिऱ्हाईक येईल, आणि मध्ये जो थांबतो त्याला त्याचे पैसे आणि त्याची जबाबदारी मिळेल. मोलगीची माणसं अर्धी वाट कायमच चालत आली आहेत. बाकीची अर्धी कोणी हिशोबात धरलेली नाही. शेठला पार्सलामागे पाच-दहा रुपये, एक स्कॅन, आणि टाइमआउट 'पुढचा बाजार अधिक एक दिवस'. याला कप्प्यांची भिंत लागत नाही.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला आहे. दहा अक्षरा-आकड्यांचा कोड, देशातल्या प्रत्येक साधारण चार मीटर बाय चार मीटर चौकोनाला वेगळा. म्हणजे आता डोंगरावरच्या एकट्या घरालाही स्वतःचा पत्ता. चांगलंच आहे. आणि नंबर मिळण्यात आमचा जिल्हा मागे नाही हो, देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पण घर सापडणं आणि घराशी कोणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असो. सेलचं पुढे काय झालं? दुसऱ्यांदा ऑर्डर केली तेव्हा नाव आप्पांचं, पत्ता शेठच्या दुकानाचा आणि फोन नंबर शेठच्या मुलाचा दिला. अक्कलकुव्याहून पार्सल काळी-पिवळीतून वर आलं, ड्रायव्हरने वीस रुपये घेतले. रात्री आप्पांचा फोन आला, म्हणाले, "आता ओरडू नकोस, ऐकू येतंय." मी शेठला काही द्यावं का, असं विचारलं. आप्पा म्हणाले, "त्याला विचारलंस तर रागावेल तो."

मला वाटतं, विचारायला हवं.